खरं ॲव्हरेज

आशालताच्या घरी गेली अकरा वर्षं गाडी येत होती. कधी दसऱ्याला येत होती, कधी पाडव्याला, एकदा तर लेकीच्या बाळाच्या बारशाला नक्की येणार होती. अजून आली मात्र नव्हती. पैशांची अडचण नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर ऐकणाऱ्याला उगाच कीव यायची. अडचण एवढीच होती की तिच्या नवऱ्याला गाड्यांमधलं फार कळत होतं.

कमलाकररावांनी रसायनीच्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला तेहतीस वर्षं काढली. नमुना घ्यायचा, मोजायचा, आकडा लिहायचा आणि खाली सही करायची. निवृत्त झाल्यावर कोणी देवळात जातो, कोणी शेअर बाजारात. यांनी खांदा कॉलनीतल्या आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मुक्काम ठोकला.

सुरुवात स्वतःसाठी गाडी बघण्यापासूनच झाली. चार शोरूम हिंडून माहितीपत्रकं आणली, डायनिंग टेबलावर शेजारी शेजारी मांडली आणि पहिल्याच रविवारी हे गृहस्थ वैतागले. इंजिन किती सीसीचं, डिकी किती लिटरची, वळायला किती जागा लागते, पोट जमिनीपासून किती वर, सगळं ठीक होतं. पण ॲव्हरेज? "लिटरला चोवीस! कुठे? चंद्रावर?" असं म्हणून त्यांनी चष्मा काढून ठेवला होता, ते आशालताला अजून आठवतं. कंपनीचा आकडा प्रयोगशाळेतला. कळंबोलीला ट्रकांच्या मागे अर्धा तास तुंबलेली गाडी किती देते, ते कोण सांगणार? मी काढतो, म्हणाले. आणि संध्याकाळी दोनशे पानी लांब रजिस्टर घेऊन आले.

काम चोख होतं. सोसायटीत ज्याने टाकी फुल केली त्याने किती लिटर बसलं आणि मीटरवर किती किलोमीटर झाले ते काकांना सांगायचं. काका भागाकार करायचे. दर तीन महिन्यांनी यादी लागायची, आधी जिन्याखालच्या फळ्यावर, पुढे सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. वर मथळा, "खरं ॲव्हरेज". खाली पहिल्या नंबरापासून शेवटच्यापर्यंत सगळ्या गाड्या, मालकाच्या नावासकट. शिवाय त्यांच्या स्वतःच्या चाचण्या वेगळ्या. चार माणसं बसवून गेटजवळचा स्पीडब्रेकर घासतो का. एसी लावून उड्डाणपुलाचा चढ कोणत्या गिअरवर जातो. पार्किंगच्या दोन खांबांमधून गाडी एका दमात निघते की मागेपुढे करावं लागतं. एकदा तर ऐंशीच्या वेगाला ब्रेक मारून किती मीटरवर थांबते ते बघायला उलव्याच्या रिकाम्या रस्त्यावर पहाटे चौघांना घेऊन गेले होते. परत आले तेव्हा त्यातल्या दोघांचे चेहरे पांढरे पडले होते, हे मात्र तरतरीत.

मग लोक विचारायला येऊ लागले. काका, ही घेऊ की ती? रविवारी दहा वाजता दाराशी चपलांचा ढीग, हॉलमध्ये माणसं, आणि कमलाकरराव खुर्चीत पाठ ताठ करून रजिस्टरची पानं उलटताहेत. हमरीतुमरीवर आलेले सख्खे भाऊसुद्धा त्यांच्या निकालापुढे गप्प व्हायचे. कामोठ्याहून, नवीन पनवेलहून, एकदा तर थेट खोपोलीहून एक कुटुंब आलं होतं. चहा आशालता करायची. त्या चहाच्या कपांची नोंद मात्र कुठल्याच रजिस्टरात नव्हती.

तिला चहाचं काही नव्हतं. तिला आपट्याला जायचं होतं.

आपटं म्हणजे तिचं माहेर, पाताळगंगेच्या काठी, इथून वीसेक किलोमीटर. आईवडील आणि भाऊ केव्हाच गेले. उरली ती अक्का, तिच्याहून तेरा वर्षांनी मोठी. अक्काने लग्न केलं नाही, गावच्या शाळेत शिकवत राहिली. आशालताला जन्म आईने दिला, पण वेण्या घातल्या, पाढे पाठ करून घेतले, लग्नात मुंडावळ्या बांधल्या त्या अक्काने. आता ती एकोणऐंशीची होती आणि भाचा आणि त्याची बायको अंकिता तिला सांभाळत होते.

तीन वर्षांपूर्वी अक्काचे कान गेले. कानाचं मशीन आणलं, ते शिट्ट्या मारतं म्हणून डबीत गेलं. तेव्हापासून फोनवर अक्का बोलायची आणि आशालता ऐकायची. इकडचं तिकडे काही पोचत नव्हतं. "आशे, तू बोलत का नाहीस गं?" अक्का विचारायची, आणि आशालता इकडे शेजारच्या फ्लॅटला ऐकू जाईल एवढ्याने ओरडत असायची. अंकिताने एकदोनदा व्हिडिओ लावून दिला. त्या एवढ्याशा पडद्यावर अक्काला नुसतं तोंड हललेलं दिसायचं. मग ती हिरमुसून फोन परत द्यायची.

आशालताचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. एसटीची पायरी चढवत नव्हती, रिक्षाच्या हादऱ्यांनी रात्रभर झोप लागत नव्हती. आपट्याला रेल्वे जाते, पण पनवेलच्या पुलाचे जिने बघूनच तिचे पाय भरून यायचे. सुरुवातीला वर्षातून दोनतीनदा भाड्याची गाडी केली. मग कमलाकरराव म्हणू लागले, "आता दोन महिन्यांत आपलीच येतेय, कशाला परक्या गाडीत अंग आखडून बसायचं?" तिला स्वतःला गाडी मागवता आली नसती असं नव्हतं. मोबाइल होता, आकडे वाचता येत होते. पण घरात स्वयंपाक होत असताना बाहेरून डबा मागवावा, तसं तिला वाटायचं. आणि खरं सांगायचं तर तिनेच अक्काला कबूल केलं होतं. मागच्या खेपेला निघताना अक्काच्या कानाशी तोंड नेऊन ती ओरडली होती, "आता आपल्या गाडीने येईन. तुला फिरवून आणीन." अक्काला तेवढं ऐकू आलं होतं. त्याला आता अडीच वर्षं झाली.

आता तिच्या मनातलं एक ओझं सांगायला हवं.

सात वर्षांपूर्वी जिन्यात तिला रुचिरा भेटली, तिसऱ्या मजल्यावरच्या केतनची बायको. हातातल्या पिशव्या खाली ठेवून म्हणाली, "काकू, एक सांगू? काकांना सांगू नका हं. केतन ॲव्हरेज साडेएकोणीस सांगतो ना, सतरापण नाही देत ती गाडी. सारखा पंपावर असतो."

"मग खोटं कशाला सांगतो?"

"अहो, यादी लागते ना ग्रुपवर! उदयसिंहांच्या खाली नाव आलं तर दोन दिवस जेवत नाही नीट."

मग उदयसिंहांच्या बायकोने हळदीकुंकवाला हसत हसत सांगितलं की त्यांच्याकडे यादीच्या आदल्या रात्री ठरतं, केतन किती सांगेल आणि आपण किती सांगायचं. मग दुसऱ्या मजल्यावरची, मग समोरच्या बिल्डिंगमधली. सगळ्यांच्या बायकांना ठाऊक होतं. माणूस बीपी कबूल करेल, शुगर कबूल करेल, मुलाला कमी मार्क पडले तेही कबूल करेल, पण आपण हौसेने घेतलेली गाडी पेट्रोल पिते हे चारचौघांत कबूल करणार नाही.

खरं सांगणारा एकच होता, बेलपाड्याचा बाळू. त्याची शाळेची जुनी व्हॅन सोसायटीच्या भिंतीला लागून उभी असायची. त्याला विचारलं की कान खाजवत म्हणायचा, "अकरा, काका. ह्या टायमाला साडेदहाच. पोरं हायत ना, धा ठिकानी थांबायला लागतं." यादीत त्याचं नाव सगळ्यात खाली असायचं. अकरा वर्षं तिथून हललं नव्हतं.

आशालताने यातलं अक्षर नवऱ्याला सांगितलं नाही. सांगणार कसं? आठवडाभर हा माणूस पेपरच्या आड बसून असायचा, गुडघे चोळायचा, दुपारी झोप नाही म्हणून चिडचिड करायचा. रविवारी दहा वाजता मात्र त्याची पाठ ताठ व्हायची. ते रजिस्टर खोटं आहे म्हणून सांगायचं आणि वर चहा नेऊन द्यायचा, एवढं बळ तिच्यात नव्हतं. सात वर्षं तिने ते पोटात ठेवलं. त्याचाही थकवा येतो.

आणि त्या रजिस्टरात एक रकाना होता, त्यावर "आशा" असं लिहिलेलं होतं. जमिनीपासून सीटची उंची. दार किती उघडतं. चढताना धरायला वर कडी आहे का. त्यांनी एकदा तिला स्टुलावर बसवून, टेप लावून, तळव्यापासून गुडघ्यापर्यंतचं माप घेतलं होतं, ब्लाउजच्या मापासारखं काळजीपूर्वक. मग एक्केचाळीस गाड्यांचा तो रकाना त्यांनी स्वतः वाकून वाकून भरला होता. असं करणाऱ्या माणसावर धड रागावताही येत नाही. दमायला तेवढं होतं.

गणपती उठल्यानंतरच्या रविवारची गोष्ट. सकाळची मंडळी उठून गेली होती. कमलाकरराव खुशीत होते. "आशा, बस इथे. झालं. दोनच राहिल्या."

"कशात दोन?"

"आपल्या गाडीत. बाकी सगळ्या बाद. उदयसिंहांची आणि केतनची. तुझा रकाना दोन्हींचा सारखा, सीट अठ्ठावन्न सेंटिमीटर. दोन्ही खांबांमधून एका दमात निघतात. फक्त ॲव्हरेजचा प्रश्न. ही एकोणीस पॉइंट आठ, ती एकोणीस पॉइंट सहा."

"मग पहिली घ्या. दसरा आलाय."

"अगं, फरक दोन दशांशाचा. एवढ्यावर निर्णय घेणं म्हणजे नाणं उडवण्यासारखं. अजून दोन तिमाह्यांचे आकडे येऊ देत. पाडव्याला पक्की."

आशालता कपबश्या गोळा करून ओट्यापाशी गेली. तेवढ्यात फोन वाजला. अंकिता होती.

"आत्या, रागावू नका, पण एक सांगायचं होतं. अक्काआत्या हल्ली जेवत नाहीत नीट. दोन घास खातात आणि दुपारी ओसरीवर खुर्ची मांडून मागतात, रस्त्याकडे तोंड करून. ऊन येतं, आत चला म्हटलं तरी ऐकत नाहीत. आशा यायचीय म्हणतात, गाडी घेऊन. रोजच. मला वाईट वाटतं हो बघायला. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, आता असंच चालायचं."

फोन ठेवल्यावर आशालता ओट्याला टेकून उभी राहिली. नळ चालू होता. तिने तो बंद केला, हात पुसले, आणि हॉलमध्ये येऊन नवऱ्याच्या समोर उभी राहिली. सात वर्षं ज्या वाक्याची भीती होती ते तोंडातून अगदी सहज बाहेर पडलं.

"ते सगळे खोटं बोलतात."

"कोण?"

"सगळे. केतन, उदयसिंह, सगळे. दोन दोन, अडीच अडीच वाढवून सांगतात. त्यांच्या बायकांनीच सांगितलंय मला. सात वर्षं झाली. तुमचं रजिस्टर खोटं आहे हो. त्या दोन दशांशासाठी थांबू नका."

तिला वाटलं होतं, हा माणूस आता कोसळेल. ती खुर्चीजवळ सरकलीसुद्धा होती, हात धरायला. कमलाकररावांनी फक्त चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसावा तसा लुंगीने पुसला.

"मला माहीत आहे," ते म्हणाले.

"काय माहीत आहे?"

त्यांनी रजिस्टर मागून उघडलं. शेवटच्या पानांवर पेन्सिलीने बारीक अक्षरात तीच नावं होती. उदयसिंह, वजा दोन. केतन, वजा अडीच. प्रत्येकाच्या नावापुढे काही ना काही वजा. बाळूच्या नावापुढे शून्य.

"पहिल्या वर्षातच कळलं. खरा आकडा हलतो, आशा. कधी अकरा, कधी साडेदहा, कधी बारा. बाळूचा बघ, कसा हलतो. यांचे बघ, दर वेळी तेवढेच. मोजलेला आकडा असा एका जागी बसून राहत नाही. तेहतीस वर्षं मी दुसरं काय केलं?"

आशालता खाली बसली. आपण सात वर्षं ज्याला जपलं त्याला जपण्याची गरजच नव्हती, हे तिच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. मग तिला पुढचं सुचलं आणि ते विचारू नये असंही वाटलं. तरी तिने विचारलं.

"वजा करून मग पहिली कोणती येते?"

"उदयसिंहांचीच."

"कधीपासून?"

कमलाकरराव पानाकडे बघत राहिले. "त्यांनी घेतली तेव्हापासून. आठ वर्षं."

"मग थांबलात कशासाठी?"

खाली पार्किंगमध्ये कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची पीं पीं ऐकू येत होती. मग ते बोलले, पण तिच्याकडे न बघता.

"एकदा गाडी घेतली की मीही यादीतला एक होणार. माझ्या नावापुढे आकडा लागणार. आणि तो कमी आला ना, तर मीही दोन वाढवून लिहीन. मी ओळखतो मला. लिहीन मी. मग इथे रविवारी कोण येणार? कशाला येणार? ज्याच्याकडे गाडी नाही त्याचंच लोक ऐकतात, आशा. त्याला कुठल्याच गाडीची बाजू घ्यायची नसते."

आशालताला राग आला. पण ओरडायचं म्हटलं तर तेवढी ताकद तिच्यात नव्हती. अडीच वर्षं ती फोनमध्ये ओरडत आली होती, सगळी तिकडेच संपली होती.

"माझी अक्का उन्हात बसलीय," ती म्हणाली. "तुम्हाला रविवारी चार माणसांनी काका म्हणावं म्हणून ती उन्हात बसलीय. मला सांगायचं तरी. मी माझी गेले असते. रांगत गेले असते."

ती उठली, साडी बदलली, देव्हाऱ्यातल्या मोदकांमधले दोन डब्यात घातले आणि लिफ्टने खाली गेली.

बाळू भिंतीच्या सावलीत व्हॅनच्या सीटा झटकत होता. रविवारची शाळा नव्हती.

"बाळू, आपट्याला येतोस? आत्ता?"

त्याने तिच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि फडकं खांद्यावर टाकलं. "येतो की. पन काकी, आपल्या गाडीत एसी नाय हां. आनि सीट जरा फाटलीय."

"चालेल."

"मग बसा. पायरी खाली हाय बगा, पोरांसाठी मुद्दाम लावून घेतलीय. तुमाला गुडगा वाकवायला लागायचा नाय."

खरंच लागला नाही. आशालताने एक पाय टाकला, दुसरा टाकला आणि ती आत होती. दार सरकवताना बाळू थांबला. कमलाकरराव येत होते, घरातल्याच सपाता घालून, काखेत रजिस्टर. सवयीने उचललं गेलं असणार. ते मुकाट्याने मागच्या सीटवर जाऊन बसले. आशालताने वळून पाहिलं नाही.

व्हॅन सगळीकडून वाजत होती. सीटखाली कुणा पोराची पाण्याची बाटली इकडून तिकडे घरंगळत होती, आणि काचेवर पहिलीतल्या कोणीतरी चिकटवलेले तारे होते. पळस्प्याचा चौक मागे पडला, हायवे सुटला, दोन्ही बाजूंना भातं दिसायला लागली. याच बाजूने कमलाकररावांची कंपनीची बस तेहतीस वर्षं जात होती. तेव्हा शनिवारी फाट्यावर अक्का उभी असायची, काकड्या, पडवळ, गावठी तांदूळ घेऊन, आणि हे बसच्या खिडकीतून हात काढून पिशवी घ्यायचे. आशालताला ते आठवलं आणि त्यांनाही आठवलं असणार, कारण मागून एक मोठा सुस्कारा ऐकू आला.

पाऊण तासात पोचले. पाऊण तास. एवढंच होतं ते.

अक्का ओसरीवरच होती. खुर्चीत, गुडघ्यांवर शाल, रस्त्याकडे तोंड. केवढीशी झाली होती. व्हॅन अंगणात शिरली तशी ती हात डोळ्यांवर धरून बघत राहिली. आशालता उतरली, पायऱ्या एकेक करून चढली आणि तिच्यापाशी खाली बसता येत नव्हतं म्हणून वाकूनच तिच्या गळ्यात पडली. अक्काने तिचे गाल दोन्ही हातांत धरले, दाबून पाहिले, कैरी पिकली का बघावं तसे. मग तिच्या खांद्यावरून अंगणाकडे पाहून शाळेतल्या खणखणीत आवाजात म्हणाली,

"हीच का गं गाडी? छान आहे. केवढी मोठी आहे! सगळे बसतील."

व्हॅनला टेकून उभा असलेला बाळू लाजून दुसरीकडे बघायला लागला.

"अक्का, आपली नाहीये गं," आशालता तिच्या कानाशी ओरडली.

"काय?"

"आपली नाही!"

"काय म्हणतेस? मोठ्याने बोल."

आशालताचा आवाज फाटला. रडू आलं ते वेगळंच. तेवढ्यात कमलाकरराव बाजूच्या बाकावर येऊन बसले. त्यांनी रजिस्टर उघडलं, एक कोरं पान काढलं आणि खिशातल्या जाड पेनाने, चार चार बोटांएवढ्या अक्षरांत लिहिलं. मग पान अक्कासमोर धरलं.

अक्काने मान मागे घेतली, डोळे बारीक केले आणि पहिलीच्या वर्गाला वाचून दाखवावं तसं एकेक शब्द सुटा करून वाचलं. "ही. गाडी. बाळूची. आहे." मग तिचा चेहरा उजळला. "अगो बाई, हे बरंय की! अंकिता, हे कसं नाही सुचलं गं कोणाला?"

दारात उभ्या असलेल्या अंकिताने कपाळावर हात मारून घेतला.

मग पानामागून पान लिहिलं गेलं. अक्का विचारायची, आशालता सांगायची आणि कमलाकरराव लिहायचे. लेक बरी आहे. नातू दुसरीत गेला. मोदक आणलेत, पण सारण थोडं गोड झालंय. गुडघ्यांचं ऑपरेशन नको म्हणते. कोरी पानं संपली तेव्हा त्यांनी भरलेली पानं उलटी करून मागच्या बाजूला लिहायला घेतलं. टॉर्क आणि डिकी आणि उदयसिंहांचे एकोणीस पॉइंट आठ पलीकडून उमटलेले दिसत होते. अक्का प्रत्येक पान मोठ्याने वाचायची, हसायची, मोदकाचा तुकडा तोंडात टाकायची. अंकिता म्हणाली की इतकं त्यांनी महिनाभरात खाल्लं नाही.

ऊन ओसरीवरून सरकून खाली उतरलं. अक्का थोडी दमली. आशालताचा हात हातात घेऊन ती बसली होती. मग तिने तिच्याकडे बघितलं आणि हळू विचारायचं म्हणून विचारलं, पण तिला हळू बोलणं आता जमत नव्हतं. अंगणभर ऐकू गेलं.

"आशे, अडीच वर्षं का आली नाहीस गं? माझं काही चुकलं का?"

आशालता बोलायला गेली आणि थांबली. काय सांगायचं? गुडघे सांगायचे? ते सोपं होतं, खोटंही नव्हतं. तिने पेनासाठी हात पुढे केला.

कमलाकररावांनी पेन दिलं नाही. त्यांनी आणखी एक पान उलटलं. यावेळी त्यांना लिहायला बराच वेळ लागला, जरी शब्द तीनच होते. लिहून झाल्यावर त्यांनी खाली सही केली, पूर्ण नावाची, तारखेसकट, कारखान्यात करायचे तशी. मग रजिस्टर अक्काच्या मांडीवर ठेवलं आणि हात आपल्या गुडघ्यांवर घेऊन बसले.

अक्का पानावर वाकली.

"मी," तिने वाचलं. "आणलं. नाही."

बाळू बाटलीतलं पाणी पिता पिता थांबला. अंकिता आत निघून गेली. अक्काने कमलाकररावांकडे पाहिलं, मग सहीकडे पाहिलं. वाचण्यात आपलीच काही चूक झाली असेल असं तिला वाटलं असावं. बोट अक्षरांखाली धरून तिने ते पुन्हा एकदा वाचलं, पहिल्यापेक्षा मोठ्याने.